वारपट्टी

डॉक्टर केतकी आरवाडे यांना 'सात वर्षं, शून्य तक्रार' असं सन्मानपत्र मिळालं त्या दिवशी, त्याच इमारतीत, एक मजला खाली, डॉक्टर ऊर्मिला घोरपडेच्या हातात तिसरी नोटीस पडली.

केतकी शाल आणि श्रीफळ सांभाळत जिना उतरत होती. सभागृहात टाळ्या चांगल्या वाजल्या होत्या, पण त्या सगळ्या डॉक्टरांच्या होत्या. खालच्या दालनात मात्र पंचवीस-तीस बायका ऊर्मिलाभोवती गराडा घालून उभ्या होत्या. कुणी मालगावची, कुणी आरगची. एकीनं धपाट्यांचा डबा आणला होता, दुसरी पदर तोंडाला लावून रडत होती, आणि जिला नोटीस मिळाली होती ती बाई मधोमध उभी राहून सगळ्यांना हसवत होती.

"मगदूम!" ऊर्मिलानं वर बघून हाक मारली. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात दोघी एका खोलीत राहायच्या, तेव्हापासून ती केतकीला माहेरच्या आडनावानंच बोलवायची. "अगं, काय शोभतेय शाल तुला! इकडे ये, धपाटं खा."

केतकी हसली, घड्याळ दाखवलं आणि बाहेर पडली. गाडीत बसल्यावर तिनं शाल काढून मागच्या सीटवर टाकली. तिला राग आला होता, आणि कशाचा आला ते तिला नेमकं ठाऊक होतं. त्या बायकांपैकी एकीनंही मान वर करून तिच्याकडे बघितलं नव्हतं.

हे आजचं नव्हतं. एमबीबीएसला केतकी पहिली आली, एमडीला पहिली आली. ऊर्मिला दोन्ही वेळा दुसरी. पण वॉर्डातल्या बायका तापलेल्या अंगानं विचारायच्या, "त्या हसऱ्या डॉक्टरीणबाई कुठं हायत?" पुढं दोघींनी मिरजेतच दवाखाने थाटले. केतकीचा स्वच्छ, शिस्तीचा, वेळेवर उघडणारा. ऊर्मिलाचा गलबल्याचा. कागद हरवलेले, मॅडम स्वतः तासभर उशिरा आलेल्या, आणि तरी बाहेरच्या पायरीपर्यंत रांग. मिरज तालुक्यात निदान दहा-बारा मुलींची नावं तिच्या नावावरून ठेवलेली होती. केतकीनं ती मोजली होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

मग वारपट्टी आली, आणि केतकीला वाटलं, आता आपला काळ आला.

वारपट्टीमागचं विज्ञान समजायला सोपं होतं. गरोदरपणात आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये वार, म्हणजे प्लॅसेंटा, असते. आईनं घेतलेलं औषध बाळापर्यंत किती पोचणार, हे ही वार ठरवते. काही औषधं ती अडवते, काही सोडते, आणि प्रत्येक बाईची वार वेगळी. तिला धक्का न लावता तपासायची सोय पूर्वी नव्हती. मग संशोधकांनी एक युक्ती काढली. वारेच्या काही पेशी सुटून आईच्या रक्तात फिरत असतात. हाताच्या शिरेतून काढलेल्या चमचाभर रक्तातून त्या वेचायच्या, नखाएवढ्या काचेच्या पट्टीवर वाढवायच्या. नऊ दिवसांत त्या पट्टीवर त्या बाईच्या वारेची हुबेहूब झिल्ली तयार होते. एका बाजूनं औषध सोडायचं, दुसऱ्या बाजूला किती झिरपलं ते मोजायचं. शंभरातले तीन भाग किंवा त्याहून कमी पोचले तर रिपोर्ट हिरवा, जास्त पोचले तर लाल. वार दर आठवड्याला बदलत जाते, त्यामुळे महिन्यापूर्वीची पट्टी चालत नसे. दर वेळी नवं रक्त, नवे नऊ दिवस.

या शोधापाठोपाठ कायदा आला. हिरव्या रिपोर्टवर औषध दिलं आणि तरी बाळात दोष निघाला, तर डॉक्टर पूर्ण मोकळा. रिपोर्टशिवाय दिलं आणि दोष निघाला, तर कुणी तक्रार करायचीही गरज नाही. चौकशी आपोआप सुरू होणार, निर्दोष असल्याचं डॉक्टरनं सिद्ध करायचं, नाहीतर परवाना जाणार आणि वर फौजदारी खटला. निरुपद्रवी ठरलेल्या थोड्या औषधांची एक मुक्त यादी तेवढी होती.

कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पूर्वी गोळ्या बेफिकिरीनं लिहिल्या जात, मुलं त्याचे भोग भोगत, आणि डॉक्टर हात झटकत. ते थांबलं. पण डॉक्टरांनी या कायद्यातून आपला एक सोपा अर्थ काढला. दिलेल्या औषधाचा जाब विचारला जातो. न दिलेल्या औषधाचा कुणी विचारत नाही. सात वर्षांत गरोदर बायकांना लिहून दिलेल्या चिठ्ठ्या चौथाईवर आल्या. दम्याच्या, फिटच्या, थायरॉइडच्या बायका औषधाविना दिवस काढू लागल्या, आणि त्यातल्या ज्या वाचल्या नाहीत त्यांची नोंद 'नैसर्गिक गुंतागुंत' अशी झाली.

केतकीनं या सात वर्षांत मुक्त यादीबाहेरचं एकही औषध रिपोर्टशिवाय लिहिलं नव्हतं. ऊर्मिलानं मात्र किती लिहिली, याचा तिला स्वतःलाच हिशेब नसावा.

सन्मानानंतर आठ दिवसांनी चौकशी समितीचं पत्र आलं. डॉक्टर घोरपडे यांच्या प्रकरणात तज्ज्ञ म्हणून केतकीनं मत द्यावं. तिनं समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश नाडगौडा यांना फोन केला. "साहेब, आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी आहोत."

"जिल्ह्यात सगळेच डॉक्टर एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, बाई," नाडगौडा म्हणाले. "तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. म्हणून तुम्ही."

तिनं फाइल उघडली. गरोदर बाई, बाविसावा आठवडा, मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग, विष रक्तात भिनलेलं. मुक्त यादीतली तिन्ही अँटिबायोटिकं तिला सोसत नव्हती, अंगावर गांधी उठून घसा बंद व्हायचा. डॉक्टर घोरपडे यांनी रविवारी एक जुनं इंजेक्शन सुरू केलं, जे बाळाच्या कानाच्या नसेला इजा करू शकतं असं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं आहे. पट्टीसाठी रक्त त्याच दिवशी घेतलं, रिपोर्ट नऊ दिवसांनी आला: लाल. शंभरातले अडतीस. बाई बरी झाली. मुलगी पूर्ण दिवसांची जन्मली, आणि दोन्ही कानांनी बहिरी निघाली.

केतकीनं पहिला मसुदा एका बैठकीत लिहिला. वाक्यं आपोआप येत होती. 'निष्काळजीपणा' हा शब्द तिनं तीनदा वापरला, चौथ्यांदा 'सवयीचा निष्काळजीपणा' असं केलं. चहा गार होऊन गेला तरी तिच्या लक्षात आलं नाही. इतक्या वर्षांत इतकं मोकळं तिनं काहीच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली. तिची लेक सानिका दिवस राहिल्यापासून माहेरी राहत होती. जावई बंगळुरूला नोकरीत. सानिकाला कॉलेजात असताना नैराश्यानं गाठलं होतं आणि तेव्हापासून तिला रोजची गोळी होती. दिवस राहिल्याचं कळलं त्या संध्याकाळी केतकीनं ती गोळी बंद केली. त्यानंतर दोन महिने सानिका भिंतीकडे तोंड करून पडून असायची. गेल्या महिन्याभरात मात्र तिला तरतरी आली होती. जेवत होती, शेजारच्या मुलांना चित्रं काढून देत होती. "बघ, औषधाशिवाय निभावलंस ना?" असं केतकी दोन-तीनदा कौतुकानं म्हणालीही होती.

"सानू, सोनोग्राफीची फाइल कुठाय?"

"पर्समध्ये बघ," आतून आवाज आला, आणि लगेच, "आई, थांब, मी देते."

पण तोवर फाइलबरोबर एक चिठ्ठी बाहेर आली होती. त्या गिचमिड अक्षराला ओळखायला केतकीला सही वाचावी लागली नाही. वर्गातल्या नोट्स एकमेकींच्या वह्यांतून उतरवताना तिनं ते पाच वर्षं वाचलं होतं.

सानिका दारात उभी होती.

"कधीपासून?"

"पाच आठवडे."

"पट्टी केली होती?"

"नाही. ऊर्मिलामावशी म्हणाली, नऊ दिवस थांबायची माझी अवस्था नाहीये. पट्टीसाठी रक्त तिनं नंतर पाठवलं. रिपोर्ट काठावरचा आला, चार का पाच. तिनं मला सगळं समजावून सांगितलं. बाळाला काय होऊ शकतं, मला काय होऊ शकतं, सगळं. मी विचार करून हो म्हटलं."

"चार म्हणजे लाल! आणि मला विचारायचं नाही? मी डॉक्टर आहे, सानिका. मी तुझी आई आहे."

"तू माझ्याकडे बघतच नव्हतीस, आई. तू पोटाकडे बघत होतीस." सानिकाचा आवाज चढला नाही. "एका दुपारी मी अंकलीच्या पुलावर स्कूटर थांबवली होती. कठड्याशी उभी होते, किती वेळ ते आठवत नाही. तिथून मी मावशीला फोन केला. पंधराव्या मिनिटाला ती आली. ओपीडी टाकून आली."

कुठल्याही आईला ऐकून उन्मळून पडावं अशी ती गोष्ट होती. पण सगळ्यात आधी मनात आला तो एकच विचार, आणि पुढं कितीतरी दिवस तिला त्याची लाज वाटत राहिली: हिनं पुलावरून तिला फोन केला, मला नाही.

ती जेवली नाही. दवाखान्यात परत आली आणि मसुद्याला नवा परिच्छेद जोडायला बसली. 'याच डॉक्टरांनी अन्य एका गरोदर स्त्रीस...' एवढं लिहून ती थांबली. लेकीचं नाव न घेता हे कसं मांडता येईल, याचा विचार ती अर्धा तास करत होती. तेवढ्यात परिचारिकेनं दार वाजवलं. प्रकरणातली बाई बाळाला घेऊन जबाबासाठी आली होती.

ईश्वरी सलगर, वय चोवीस, गाव जत तालुक्यातलं उमदी. काटक अंगाची, डोळे सतत बाळावर. चार महिन्यांची पोर, आर्वी, खुर्चीवरच्या दुपट्यात पाय झाडत होती. केतकीनं पोरीच्या मागे टाळी वाजवली. पोरीनं पाय झाडणं थांबवलं नाही. मग केतकी समोर आली, तशी ती तोंडभर हसली.

"बसा. मी तज्ज्ञ म्हणून तुम्हाला काही विचारणार आहे," केतकीनं सुरुवात केली. "घाबरू नका. आपली पहिली भेट आहे, तेव्हा..."

"पयली कुठली, मॅडम?" ईश्वरी म्हणाली. "मी आलते की तुमच्याकडं. ह्याच खुर्चीत बसलते. आठवंना व्हय?"

केतकीनं तिच्याकडे नीट बघितलं. नाही आठवलं.

"मार्चात. शुक्रवार व्हता. अंगात ताप, कमरंत कळ मावंना. तुमी तपासलं. म्हनला, पट्टी केल्याबिगर औषध देता येत न्हाई, आन आज शुक्रवार, रगत हितं सोमवारी घेतात. पाणी भरपूर प्या, तापाची गोळी घ्या, सोमवारी या." ती तक्रार केल्यासारखं बोलत नव्हती, विचारलं म्हणून सांगत होती. "शनवारी सांजच्याला मी पडली. मालक म्हनलं, आता त्या घोरपडे मॅडमकडं जाऊ. पुढचं मला काय ठावं न्हाई. चार दिसांनी डोळं उघडलं."

ती गेल्यावर केतकीनं आपल्या संगणकात मार्च महिना उघडला. नोंद होती. तिच्याच नीटनेटक्या भाषेत. 'मूत्रपिंडाच्या संसर्गाची शक्यता. मुक्त यादीतील औषधांची ॲलर्जी. वारपट्टीसाठी सोमवारी बोलावले.' खाली सोमवारची नोंद: 'पेशंट आली नाही.' त्यापुढं काही नाही. ती का आली नाही, हे विचारायला कुणी फोन केला नव्हता.

मग तिनं समितीची फाइल पुन्हा काढली आणि ऊर्मिलाच्या गिचमिड अक्षरातला पूर्वेतिहास शोधला. एकच ओळ होती: 'शुक्रवारी एका खासगी दवाखान्यात दाखवले होते.' नाव नव्हतं.

ऊर्मिलाला नाव माहीत असणारच. ईश्वरीच्या नवऱ्यानं सांगितलं असणार. तिनं मुद्दाम लिहिलं नाही. केतकी ती ओळ वाचत राहिली, आणि तिचा जळफळाट झाला. म्हणजे एवढ्या संकटातही ही बाई आपल्यावर उपकार करून मोकळी झाली होती. इथंही तीच वरचढ.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती ऊर्मिलाच्या दवाखान्यात गेली. ऊर्मिला तेव्हा कुठं डबा उघडून बसली होती.

"ये मगदूम. भाकरी खाणार?"

"माझं नाव का नाही लिहिलंस?"

ऊर्मिलाचा घास हातातच राहिला. "कळलं तर तुला."

"मला तुझे उपकार नकोत, ऊर्मिला. कॉलेजपासून तू हेच करत आलीस. सगळ्यांसमोर मोठी होतेस आणि वर समजूतदारपणा दाखवतेस. माझी पेशंट, माझी मुलगी... माझी मुलगी, ऊर्मिला! सगळं तुझ्याकडेच कसं येतं?"

ऊर्मिलानं डब्याचं झाकण लावलं. नेहमीचं हसू तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. तेव्हा केतकीला पहिल्यांदा दिसलं की हिच्या डोळ्यांखाली काळं झालंय, वजनही उतरलंय.

"उपकार कसले?" ती म्हणाली. "खरं सांगू? तुझं नाव लिहिलं असतं, तर समितीनं पहिला प्रश्न हाच विचारला असता: आरवाडे मॅडमसारख्या डॉक्टरनं थांबायला सांगितलं होतं, मग तुम्ही का नाही थांबलात? तुझं नाव मला बुडवणार होतं. म्हणून गाळलं. मी मोठीबिठी काही नाही गं. वकिलाला विचारून गाळलं."

केतकी समोरच्या खुर्चीत बसली. तिला हलकं वाटलं, आणि थोडी निराशाही झाली.

"त्या रविवारी माझे हात कापत होते," ऊर्मिला सांगू लागली. "रक्तदाब साठवर आला होता. सिस्टरनं सुई भरून दिली, मी ती धरून उभी. मला दिसत होतं, ही सुई टोचली तर पोर बहिरी होऊ शकते, नाही टोचली तर मंगळवारपर्यंत दोघीही जातात. मी टोचली. पोरीचे कान माझ्याच सुईनं गेलेत, मगदूम. त्यात मला शंका नाही. मी कुणाला सांगत नाही, पण त्या पोरीला तपासायला घेते तेव्हा मी बोलत राहते. ऐकू येत नाही हे माहीत असून बोलत राहते."

बाहेर कुणीतरी बाई खोकत होती. ऊर्मिला उठली. "माझ्याविरुद्ध काय लिहायचं ते लिही. खरं लिहिलंस तरी माझा परवाना जातोय. फक्त सानिकाच्या गोळ्या एकदम बंद करू नकोस. शपथ आहे तुला."

सुनावणी सांगलीला, सकाळी अकरा वाजता होती. एका लांब टेबलामागे नाडगौडा आणि दोन सदस्य. या बाजूला ऊर्मिला, तिचा वकील. मागे बाकावर ईश्वरी, तिचा नवरा आणि मांडीवर आर्वी. आधी ईश्वरीला विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का.

ती उभी राहिली. "माझी कुणावर तक्रार न्हाई. पर पोरीला ऐकू यायचं कायतरी सांगा. मॅडमचा परवाना घिऊन तिला ऐकू येनार हाय का?"

नाडगौडांनी तिचं म्हणणं नोंदवून घेतलं. मग केतकीपुढं छापील प्रश्नपत्रिका आली. तीन प्रश्न, हो किंवा नाही.

औषध देण्यापूर्वी हिरवा रिपोर्ट होता का? तिनं लिहिलं, नाही.

औषध वारेतून बाळापर्यंत पोचलं का? हो.

बाळात आढळलेला दोष त्या औषधाशी सुसंगत आहे का? हो.

ऊर्मिला समोरच्या भिंतीकडे बघत होती. केतकीच्या पिशवीत तो मसुदा होता, 'सवयीचा निष्काळजीपणा' असं तिनं रंगवून लिहिलेला. तो काढून देणं सोपं होतं. उद्यापासून मिरजेत रांग एकाच दवाखान्यासमोर लागली असती.

"साहेब, मला आणखी काही लिहायचंय."

"पत्रिकेत जागा नाही, बाई," नाडगौडा म्हणाले. "तीनच प्रश्न आहेत."

"मग मागच्या बाजूला लिहिते."

तिनं कागद उलटला. लिहायला वेळ लागला. मग तिनं उभं राहून वाचून दाखवलं.

"ही पेशंट आधल्या शुक्रवारी माझ्याकडे आली होती. आजार मी ओळखला होता. औषध कुठलं लागेल, हेही मला कळलं होतं. मी ते दिलं नाही, दुसरीकडे दाखलही केलं नाही, सोमवारी या म्हणून सांगितलं. माझा सल्ला तिनं मानला असता, तर ती आणि तिचं बाळ, दोघीही आज नसत्या. तेव्हा मला कुठलीही नोटीस आली नसती. माझ्या रेकॉर्डवर शून्यच राहिलं असतं. असे आणखी किती शुक्रवार माझ्या नोंदवहीत आहेत, ते मला माहीत नाही, कारण परत न आलेल्या पेशंटला मी कधी फोन केला नाही. डॉक्टर घोरपडे यांनी दिलेलं औषध बाळाला घातक होतं, आणि त्या वेळी देण्यासारखं तेच एक होतं. हे माझं तज्ज्ञ म्हणून मत आहे."

ऊर्मिलाचा वकील लगबगीनं लिहून घेऊ लागला. ऊर्मिलानं भिंतीवरची नजर काढून केतकीकडे वळवली. तिच्या नजरेत आभार नव्हते. ती नुसतीच चकित झाली होती, आणि थोडी चिडलेलीही वाटली.

"बाई," नाडगौडा चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही जे सांगितलंत ते माणूस म्हणून मला पटतं. पण न दिलेल्या औषधाचं कलम या कायद्यात नाही."

"म्हणूनच मागच्या बाजूला लिहिलंय, साहेब."

निकाल पंधरा दिवसांनी लागला. फौजदारी खटला टळला. ऊर्मिलाचा परवाना कायमचा रद्द होणार होता, तो दोन वर्षांसाठी स्थगित झाला. केतकीचं नाव तज्ज्ञांच्या यादीतून वगळण्यात आलं. आर्वीच्या कानात यंत्र बसवण्याचा आदेश समितीनं शासनाला दिला. तेवढं एक काम त्या कागदानं बरं केलं.

पुढच्या सोमवारी केतकीच्या दवाखान्यासमोर रांग लागली. आयुष्यभर जिची वाट बघितली तीच ही रांग, पण तिच्यातली प्रत्येक बाई पडेल चेहऱ्यानं बसली होती. आठवडाभरात तिच्यासमोर पहिला प्रश्न उभा राहिला. बेडगची एक बाई, सहावा महिना, दमा इतका की वाक्य पुरं होईना. पट्टीला नऊ दिवस. केतकीनं रक्त पाठवलं, बाईला आणि नवऱ्याला समोर बसवून धोका समजावला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मुक्त यादीबाहेरचं औषध रिपोर्टशिवाय लिहिलं. बाईनं चिठ्ठी घेतली, उलटसुलट बघितली आणि धापा टाकत विचारलं, "पर त्या मॅडम... परत कधी बसनार?"

तिसऱ्या सोमवारी रांगेत केसपेपर घेऊन सानिका बसलेली होती. नंबर लागल्यावर ती आत आली आणि पेशंटच्या खुर्चीत बसली.

"गोळ्या संपत आल्यात. मावशीला आता लिहिता येत नाही."

घरच्या माणसाला आपण औषध लिहू नये, असं केतकी एरवी म्हणायची. पण तिनं गावातल्या दोन डॉक्टरांना विचारून पाहिलं होतं. दोघांनीही बाळंत होईपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं, अगदी तिच्याच जुन्या शब्दांत.

"झोप लागते?" तिनं विचारलं.

"लागते."

"पुन्हा तसं काही वाटलं? पुलासारखं?"

सानिकानं आईकडे बघितलं. हा प्रश्न आईनं पहिल्यांदाच विचारला होता. "एकदा. मागच्या महिन्यात. थोडंसं."

केतकीनं चिठ्ठी लिहिली, बाळावरचे संभाव्य परिणाम एकेक करून सांगितले, आणि पूर्ण नावानं सही केली. सानिकानं चिठ्ठी घडी करून ठेवली आणि जरा अडखळत म्हणाली, "आई, रागावू नकोस. पण बाळंतपणाला मला मावशीच हवी होती."

"ठाऊक आहे."

त्या दुपारी केतकीनं स्वतः ऊर्मिलाला फोन लावला. "औषध लिहायची तुला बंदी आहे. खोलीत येऊन बसायची नाही. येशील?"

ऊर्मिला म्हणाली, "मगदूम, सुई मात्र तूच धरायची."

सानिकाला कळा सुरू झाल्या त्या एका गुरुवारी सकाळी, आणि दुपारी एकच्या सुमारास बाळाचं डोकं दिसू लागलं. केतकी पायथ्याशी होती, हातमोजे घालून, दोन्ही हात पुढं करून. ऊर्मिला उशाशी स्टुलावर बसली होती. तिला दुसरं काही करायची परवानगीच नव्हती. सानिकानं तिचा हात इतका घट्ट आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. दर कळेला ती ओरडत होती, "मावशी! मावशी गं!" आणि ऊर्मिला तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती, मधूनच तिला हसवतही होती.

केतकीच्या काळजात ती ओळखीची कळ उठली. इतक्या वर्षांत तिची धार जराही बोथट झाली नव्हती. आपली लेक, आपला दवाखाना, आपली सही, आणि लेकीच्या मुठीत हात मात्र हिचा.

"सोडू नकोस तिचा हात," ती ऊर्मिलाला म्हणाली. "सानू, आता जोर लाव."

बाळ तिच्या हातांत आलं. ओलं, गरम, क्षणभर गप्प. खोलीतल्या तिघीजणी श्वास रोखून होत्या. मग त्यानं तोंड उघडून जो टाहो फोडला, त्यानं ऊर्मिला आधी रडू लागली, सानिका नंतर. केतकीला रडायला वेळ नव्हता. तिला नाळ बांधायची होती.